खिडकीजवळची खुर्ची कुणाची?

वाचकाचा प्रश्न: ठाण्यात राहणाऱ्या, बेचाळीस वर्षांच्या एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. बारा वर्षं भाड्याच्या घरांत काढल्यावर त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी स्वतःचा टू बीएचके घेतला. हॉल दहा बाय सोळा फुटांचा. कॉलेजात असताना त्यांनी एका मासिकात ‘ईम्स लाउंज चेअर’चा फोटो पाहिला होता. वळवलेल्या प्लायवुडची, काळ्या चामड्याच्या गाद्यांची, पुढे पाय ठेवायला वेगळं बसकं स्टूल असलेली खुर्ची. तो फोटो कापून त्यांनी वहीत चिकटवला आणि ती वही अजून त्यांच्याकडे आहे. आता चौकशी केल्यावर कळलं, की मूळ कंपनीची खुर्ची सात लाखांच्या वर जाते, हप्त्यांवर मिळू शकते. हुबेहूब दिसणारी नक्कल पासष्ट हजारांत मिळते. यजमान म्हणतात, नक्कल घे, लांबून कुणाला कळतंय? आर्किटेक्ट असलेली बहीण म्हणते, नक्कल म्हणजे चोरी, त्यापेक्षा घेऊच नकोस. इंटिरियरवाल्याने भिंतीपासून खिडकीपर्यंत एल आकाराचा सोफा आखून दिला आहे आणि पुढच्या सोमवारी त्याचं लाकूड येणार आहे. सासूबाई सोबत राहतात, त्यांचे गुडघे दुखतात, त्या यावर काहीच बोललेल्या नाहीत. पत्राच्या शेवटी ही मैत्रीण विचारते: मुलाची फी आणि कर्जाचे हप्ते डोक्यावर असताना एका खुर्चीचा एवढा विचार करणं ही माझी चूक आहे का?

प्रिय मैत्रिणी,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचे सगळे त्याच्याच पोटात आहेत असं मला वाटतं. नाही, यात तुमची काहीही चूक नाही. ज्या वस्तूवर रोज अंग टाकायचं, तिचा विचार वीस वर्षं मनात राहिला असेल तर तो विचार मोलाचा आहे.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. ‘हॉल छान दिसेल’ हे त्यात एकदा येतं. ‘संध्याकाळी सातला घरी आल्यावर मला कुठेतरी बसायचं असतं’ हे मात्र दोनदा येतं, आणि दोन्ही वेळा तुम्ही लगेच दुसऱ्या विषयाकडे वळला आहात. मला तिथे थांबावंसं वाटलं.

डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत वडिलांची आरामखुर्ची होती. सागवानी, कापडी झोळीची, लांब हातांची. ते घरी नसतानाही तिच्यात कुणी बसत नसे. तशी कुणाला मनाई नव्हती, पण ती बाबांची खुर्ची होती. आई बसायची दिवाणाच्या कडेला, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत, नाहीतर ओट्याजवळच्या स्टुलावर. पाठ टेकून बसलेली आई मला फारशी आठवत नाही. तिची अशी खुर्ची घरात नव्हती, आणि ती नाही हे आम्हा भावंडांच्या कधी लक्षातही आलं नाही. मोठी झाल्यावर ते जाणवलं, तेव्हापासून कुणाच्याही घरी गेले की मी नकळत पाहते, या घरातल्या बाईची बसायची जागा कुठली?

म्हणून तुम्हाला विचारते. तुम्हाला हवी आहे ती खुर्ची, की त्या घरात स्वतःची म्हणता येईल अशी बसायची जागा? दोन्ही हवं असेल तर उत्तमच. पण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दुसरी मिळवायला सात लाख लागत नाहीत, आणि सात लाख घातले म्हणून ती आपोआप मिळेल असंही नाही. आपल्याकडे घरातली सगळ्यात चांगली खुर्ची पाहुण्यांना दिली जाते. पाहुणे नसतील तेव्हा तिच्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग पडतो.

आता त्या खुर्चीबद्दल. तिची गोष्ट तुम्हाला थोडीफार ठाऊक असेल, तरी तुमच्या प्रश्नाला लागू पडणारा भाग सांगते. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी जोडप्याने ती १९५६ मध्ये हर्मन मिलर या कंपनीसाठी आणली. प्लायवुड उष्णता आणि दाबाने शरीराच्या वळणासारखं वाकवायचं, हा त्यांचा ध्यास त्याच्या बराच आधीपासूनचा होता. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकी नौदलासाठी जखमी सैनिकांच्या पायाला बांधायच्या प्लायवुडच्या खपच्या बनवल्या होत्या. तुमच्या वहीतल्या फोटोतली ती मऊ वळणं अशी मोडलेल्या पायांना आधार देता देता सापडलेली आहेत. या खुर्चीबद्दल बोलताना चार्ल्सनी बेसबॉल खेळाडूच्या हातमोज्याची उपमा दिली होती, वापरून वापरून मऊ पडलेल्या, हात घालताच ओळखीच्या वाटणाऱ्या हातमोज्याची. म्हणजे नवी कोरी दिसण्यापेक्षा वापरलेली दिसणं हीच तिची खरी अवस्था, असं तिच्या कर्त्यांनाच वाटत होतं.

आणि रे. त्या वर्षी अमेरिकेतल्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात ही खुर्ची लोकांसमोर आली, तेव्हा निवेदिकेने रे यांची ओळख यशस्वी पुरुषामागची कर्तबगार स्त्री अशा थाटात करून दिली. कामात त्या निम्म्या वाटेकरी होत्या, तरी कित्येक वर्षं नाव चार्ल्सचंच घेतलं जाई. असंच फ्रेंच डिझायनर शार्लोट पेरियाँ यांचं. १९२७ मध्ये त्या पॅरिसला नामांकित वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे काम मागायला गेल्या, तेव्हा ‘इथे आम्ही उशांवर भरतकाम करत नाही’ असं सांगून त्यांना परत पाठवलं गेलं. मग त्यांचं प्रदर्शनातलं काम पाहिल्यावर त्याच कॉर्ब्युझिएंनी त्यांना बोलावून घेतलं. लांब पाय सोडून पहुडायची ती प्रसिद्ध पोलादी आरामखुर्ची १९२८ची. कॉर्ब्युझिए, त्यांचे चुलतभाऊ आणि सहकारी पिएर जानरे आणि पेरियाँ या तिघांची ती. १९२९च्या बार्सिलोना खुर्चीतही जर्मन वास्तुविशारद मीस व्हॅन डर रोहे यांच्यासोबत लिली राइश होत्या. जगभरच्या दिवाणखान्यांत मिरवणाऱ्या या खुर्च्यांमागे इतक्या बायका उभ्या आहेत. त्यातल्या एका खुर्चीवर एक बाई दिवसभराच्या कामानंतर टेकून बसू पाहते आहे, तर त्या इच्छेची लाज वाटून घेऊ नका.

ईम्स दांपत्याचं आणखी एक काम तुमच्या उपयोगाचं आहे. भारत सरकारच्या निमंत्रणावरून ते इथे आले, देशभर हिंडले आणि १९५८ मध्ये त्यांनी एक अहवाल लिहिला. त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली. भारतात पाहिलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये त्यांना सर्वांत थोर वाटली ती आपली लोटी. ती घडवायची तर कोणकोणते प्रश्न विचारावे लागतील, याची एक यादीच त्यांनी अहवालात दिली आहे. पाणी किती आणायचं? उचलणारे हात केवढे? नेणार कशी, डोक्यावर, कमरेवर की हातात? भरलेली असताना तोल कसा, रिकामी असताना कसा? लोटी दिसेल कशी, हा या सगळ्यांमधला एक प्रश्न आहे, पहिला नाही.

ज्यांची खुर्ची तुम्हाला हवी आहे, त्यांचीच ही रीत आपण तुमच्या हॉलला लावून पाहू.

आधी जागा. ही खुर्ची रुंदीला आणि खोलीला जवळजवळ तेहतीस-तेहतीस इंच आहे. स्टूल सुमारे सव्वीस बाय एकवीस. दोन्ही एकापुढे एक मांडल्यावर पाच फुटांच्या आसपास जागा जाते, आणि खुर्ची गोल फिरते म्हणून भोवती मोकळं सोडावं लागतं ते निराळं. तुमचा हॉल दहा फूट रुंद आहे. त्यात एल आकाराचा सोफा, टीव्हीचं युनिट आणि ही खुर्ची, तिन्ही मावणार नाहीत. मावली तरी सासूबाईंना बाल्कनीत जायला वाट उरणार नाही.

मग शरीर. हिची बैठक जमिनीपासून साधारण पंधरा इंचांवर आहे आणि कायमची मागे कललेली. दमलेल्या माणसाने पाय वर घेऊन रेलावं, यासाठी ती आहे. गुडघेदुखीच्या माणसासाठी ती अगदी उलट. बसताना धपकन खाली जायचं आणि उठताना मागे कललेल्या बैठकीतून स्वतःला वर ओढायचं. सासूबाई गप्प आहेत त्यामागे हे असू शकतं. सुनेच्या हौसेत आपलं दुखणं कशाला मध्ये आणायचं, असा विचार त्या पिढीतल्या बायका करतात. तुम्ही स्वतःहून विचारा. त्यांना लागेल ती अठरा ते वीस इंच उंचीची, घट्ट बैठकीची, रेटा देऊन उठता येईल अशा भक्कम हातांची खुर्ची. कुठलाही बरा सुतार ती आठवड्याभरात करून देईल. माझं ऐकाल तर ती खुर्ची तुमच्या खुर्चीच्या आधी घरात यायला हवी.

आणखी एक. तुम्ही वाचताना मांडी घालून बसता का? आपल्यापैकी बऱ्याच जणी खुर्चीवर बसल्या की पाच मिनिटांत पाय वर घेतात. पाश्चात्त्य खुर्च्या काढणाऱ्यांच्या मनात हे बसणं नव्हतं. म्हणून फोटोवरून ठरवू नका. मुंबईत अधिकृत विक्रेत्यांची दालनं आहेत, तिथे एखाद्या दुपारी पुस्तक घेऊन जा आणि चाळीस मिनिटं बसा. संकोच नको, एवढी रक्कम मागणाऱ्याने तेवढं बसू द्यायलाच हवं. दहाव्या मिनिटाला कुठलीही महाग खुर्ची सुखाचीच वाटते. मान, कंबर आणि मांड्यांचा मागचा भाग काय म्हणतो ते तिसाव्या मिनिटानंतर कळतं. वीस वर्षं जपलेली इच्छा तिथे आणखी पक्की होईल किंवा हळूच विरून जाईल. दोन्हीला माझी तयारी आहे, तुमचीही असू द्या.

आता नकलेचं. इथे तुमचे यजमान आणि बहीण दोघेही मला अर्धेच पटतात.

बहिणीला जे खुपतं ते मी हलकं मानत नाही. युरोपात अशा कलाकृतींना कर्त्याच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षांपर्यंत संरक्षण मिळू शकतं, आणि ब्रिटनने २०१६ मध्ये आपला कायदा बदलल्यावर तिथे स्वस्त नकलांचा धंदा अडचणीत आला. आपल्याकडे नोंदवलेल्या डिझाइनला जास्तीत जास्त पंधरा वर्षं संरक्षण मिळतं. तेव्हा ‘चोरी’ हा शब्द इथे कायद्याने तितका सरळ बसत नाही. मला खरी अडचण वाटते ती खोटं बोलून विकण्याची. जो दुकानदार ‘सेम टू सेम, ओरिजिनल कंपनीचाच माल’ म्हणतो, त्याच्याकडून काहीच घेऊ नये.

यजमानांचं ‘लांबून कुणाला कळतंय’ हे खरं आहे, पण खुर्चीत आपण लांबून बसत नाही. मूळ खुर्चीत प्लायवुडचे भाग आणि हात यांच्यामध्ये रबराचे जोड असतात. तुम्ही रेललात की पाठ किंचित लवते, ती त्यांच्यामुळे. स्वस्त नकलांत तिथे बहुधा नुसते बोल्ट असतात, मग खुर्ची ताठर लागते किंवा काही वर्षांत सांध्याशी कुरकुरायला लागते. मूळ खुर्चीला खाली पाच पाय असतात. चार पायांची किंवा कळ दाबून मागे झुकणारी खुर्ची दिसली, तर बनवणाऱ्याने फोटोपलीकडे काही पाहिलेलं नाही हे ओळखा. आणि ठाण्याची हवा! ‘लेदर’ म्हणून जे खपवलं जातं ते बहुतेक वेळा पीयूचा, म्हणजे एका प्लास्टिकचा, थर दिलेलं कापड असतं. आपल्या दमट हवेत तो थर तीन-चार पावसाळ्यांत पापुद्रे धरून सुटायला लागतो, आणि त्याला दुरुस्ती नाही. मग पासष्ट हजारांची ती वस्तू सोसायटीच्या जिन्याखाली जाते. खरं चामडं टिकतं, पण पावसाळ्यात त्यालाही बुरशी येते. दर आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसणं आणि हवा लागेल असं ठेवणं, हे काम कुणाच्या वाट्याला येणार तेही आधी ठरवून घ्या.

म्हणून नक्कल घेऊ नका, असंच मी म्हणेन. कारण चोरीचं नाही. तुम्हाला जे हवं आहे, वापरून मऊ पडत जाणारं, ते त्या वस्तूत नाहीच.

मूळ कोणती आणि नक्कल कोणती, हा प्रश्न दरवेळी इतका सोपाही नसतो. चंदीगड वसवलं जात असताना पिएर जानरे यांनी सरकारी कचेऱ्या, महाविद्यालयं, वसतिगृहं यांच्यासाठी साग आणि वेताच्या खुर्च्या काढल्या. तिरप्या जुळत्या पायांच्या त्या खुर्च्या तुम्ही फोटोंत पाहिल्याच असतील. युली चौधरींसारखे भारतीय वास्तुविशारद त्या कामात सोबत होते. खुर्च्या बनवल्या स्थानिक सुतारशाळांनी, हाताने, हजारोंनी. त्यामुळे एकाच नमुन्याच्या दोन खुर्च्या नेमक्या सारख्या सापडत नाहीत. पुढे त्या मोडक्या ठरल्या, गच्च्यांवर ढीग लागले, भंगाराच्या भावाने लिलाव झाले, आणि त्याच खुर्च्या युरोप-अमेरिकेत लाखो रुपयांना विकल्या जाऊ लागल्या. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने त्यांच्या विक्रीला आणि परदेशी जाण्याला मनाई केली. आज त्या नमुन्यावर इथला सुतार खुर्ची करतो तेव्हा तो नक्कल करतो, की आपल्याच सुतारांनी सुरू केलेलं काम पुढे नेतो? मला दुसरं म्हणावंसं वाटतं.

हे एवढं सांगितलं कारण हा तुमच्यासाठी खराखुरा पर्याय आहे. साग आणि वेत आपल्या हवेला रुळलेले आहेत. वेताच्या बैठकीतून वारा खेळतो, घामाने पाठ चिकटत नाही, आणि वीण सैल झाली तर ती पुन्हा विणून मिळते. ही कला येणारे कारागीर ठाण्या-मुंबईत अजून आहेत, त्यांत कित्येक अंध कारागीरही आहेत. वेताला फक्त फार कोरडी हवा आणि थेट ऊन सोसत नाही, तो कडक होऊन तुटतो. पासष्ट हजारांत चांगल्या लाकडाची, तुमच्या मापाची अशी खुर्ची होऊन वर दिव्याला आणि छोट्या टेबलाला पैसे उरतील. सुताराकडे जाताना फोटो जरूर न्या, पण त्याला माप तुमचं घ्यायला लावा. गुडघ्यामागच्या खळगीपासून टाचेपर्यंतची उंची, आणि पाठीपासून त्या खळगीपर्यंतची लांबी. ही दोन मापं चुकली तर बाकी कितीही सुबक असलं तरी बसवत नाही. जुन्याची आवड असेल तर जोगेश्वरीचा ओशिवरा फर्निचर बाजार एकदा पालथा घाला. लांब हातांच्या जुन्या आरामखुर्च्या तिथे मिळतात. फक्त पायांच्या तळाशी वाळवीची भुकटी आणि सांध्यांची हालचाल हात लावून तपासा.

अशाच आशयाची आणखी काही पत्रं माझ्याकडे पडून आहेत, त्यांनाही इथेच थोडक्यात उत्तर देते. बार्सिलोना खुर्ची स्पेनच्या राजा-राणीच्या स्वागतासाठी प्रदर्शनातल्या जर्मन दालनात मांडली गेली होती. ती देखणी आहे, पण रुंद, जड आणि बसकी आहे, रोज संध्याकाळी बातम्या पाहायला ती घेऊ नये. मार्सेल ब्रॉयर यांची पोलादी नळ्यांची वासिली खुर्ची दिसायला हलकी आहे, म्हणून लहान खोली तिने भरून गेल्यासारखी वाटत नाही. मात्र समुद्राजवळ राहणाऱ्यांनी नळ्यांचा मुलामा नीट पाहून घ्यावा. आर्न याकबसन यांची एग चेअर कोपनहेगनच्या हॉटेलातल्या मोठ्या लॉबीसाठी काढलेली आहे, तिला मागून-पुढून मोकळी जागा लागते. आणि ज्यांचं बजेट तुटपुंजं आहे त्यांनी वाफेवर वाकवलेल्या लाकडाच्या, वेताच्या बैठकीच्या साध्या खुर्च्या शोधाव्यात. इराण्याच्या हॉटेलात आपण त्याच घराण्याच्या खुर्च्यांवर बसून बनमस्का खाल्ला आहे. मिखाएल थोनेट यांची १८५९ची चौदा नंबरची खुर्ची ही त्यांची मूळ आई. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट, आणि सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एका घनमीटरच्या खोक्यात. माझ्या मते तिच्याइतकी गुणी खुर्ची त्यानंतर झालेली नाही.

पुन्हा तुमच्याकडे येते. सात लाखांच्या खुर्चीसाठी आत्ता हप्ते घेऊ नका. घराचा हप्ता चालू असताना दुसरा हप्ता लागला, की त्या खुर्चीत बसताना तुम्हाला दर वेळी त्याची आठवण येईल. दालनात चाळीस मिनिटं बसून आल्यावरही ती हवीच वाटली, तर एक वेगळं खातं उघडा आणि तिच्या नावाने दरमहा जमेल ते टाका. सहा वर्षं लागोत, नाहीतर आठ. खुर्ची १९५६ पासून बनते आहे, तोवर ती कुठे जात नाही. तोपर्यंत साग-वेताची तुमच्या मापाची खुर्ची वापरा. कदाचित त्या पैशांनी तुम्ही पुढे दुसरंच काही कराल.

पण खुर्ची कुठलीही येवो, तिची जागा आत्ता राखा. हॉलमध्ये खिडकीजवळच्या कोपऱ्यात जुनी वर्तमानपत्रं चिकटपट्टीने जोडून तेहतीस इंचांचा चौकोन अंथरा, त्यापुढे स्टुलाचा. आठ दिवस ती तशीच राहू द्या. घरातले सगळे त्यावरून कसे जातात, कुणाची वाट अडते, संध्याकाळचा उजेड कुठल्या बाजूने येतो ते पाहा. एखादी साधी खुर्ची तिथे ठेवून सातनंतर अर्धा तास बसा. घरच्यांना स्पष्ट सांगा की ही माझी जागा आहे, आणि अर्ध्या तासात कुणी चहा मागितला तर तो यजमानांनी करायचा आहे. सवय खुर्चीच्या आधी लागू दे.

आणि इंटिरियरवाल्याला आजच फोन करा. एल सोफ्याचा आखूड हात काढून टाकायला सांगा, सरळ तीन बैठकींचा सोफा तुम्हा चौघांना पुरेसा आहे. खिडकीकडचा तो कोपरा त्याने आराखड्यात रिकामा दाखवला पाहिजे आणि तिथे खाली एक प्लग पॉइंट दिला पाहिजे, वाचायच्या दिव्यासाठी. सोमवारी लाकूड आलं आणि कापलं गेलं, की मग त्याला हे सांगून उपयोग नाही.